केंद्राचं बजेट कसं बनतं, कसं मांडतात आणि त्याचे कागद कसे वाचायचे: ऑगस्टपासून मार्चपर्यंत सगळं

दरवर्षी १ फेब्रुवारीला सकाळी अकराला टीव्ही लावायचा, स्लॅब बदलला का तेवढं बघायचं आणि संध्याकाळी 'तोंडाला पानं पुसली' नाहीतर 'मध्यमवर्गाला दिलासा' यातलं एक काहीतरी फॉरवर्ड करायचं, आपलं बजेट बघणं बहुतेक एवढंच असतं. पण त्या दिवशी जे वाचून दाखवतात ते आधीचे पाच महिने घासाघीस करून ठरलेलं असतं, आणि त्यातलं खरं किती झालं ते पुढच्या वर्षी दुसऱ्याच एका कॉलममध्ये कसलाही गाजावाजा न होता छापून येतं. तो कॉलम कुठे बघायचा हे कळलं ना की अर्धं बजेट कळलं असं माझं मत आहे, म्हणून हा लेख जरा लांबलाय. आकडे सगळे २०२५-२६ च्या बजेटमधले घेतलेत, म्हणजे एकाच वर्षाचा हिशोब शेवटपर्यंत धरून ठेवता येईल.

आधी कायद्याचं थोडक्यात

घटनेच्या कलम ११२ प्रमाणे सरकारने दरवर्षी जमाखर्चाचं वार्षिक विवरणपत्र संसदेपुढे ठेवायचं असतं. कलम २६५ सांगतं की कायद्याशिवाय एक पैसाही कर घेता येणार नाही, आणि कलम २६६ सांगतं की सगळी जमा संचित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य खात्यात, जाणार आणि तिथून संसदेने कायदा केल्याशिवाय काही काढता येणार नाही. म्हणून शेवटी दोन वेगळे कायदे लागतात, पैसे गोळा करायला वित्त विधेयक आणि खर्चायला विनियोजन विधेयक. अर्थमंत्र्यांचं भाषण या दोन्हींत कुठेच मोडत नाही, ते फक्त भाषण आहे, हे डोक्यात पक्कं ठेवा.

पहिली पायरी: ऑगस्ट-सप्टेंबरचं सर्क्युलर

अर्थ मंत्रालयात आर्थिक व्यवहार विभाग आहे, त्याच्या आत बजेट डिव्हिजन. ते साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळ्या मंत्रालयांना बजेट सर्क्युलर पाठवतात. कोणते तक्ते भरायचे, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या कॉलममध्ये काय, सगळं त्यात असतं, आणि हे पत्रक वेबसाइटवर कुणालाही वाचता येतं, फक्त वाचत कुणी नाही.

मग प्रत्येक मंत्रालयात वित्त सल्लागार नावाचा जो अधिकारी असतो तो खालच्या ऑफिसांकडून आकडे मागवायला लागतो. आकडा टाकायचा तो 'शिक्षणाला इतके कोटी' असा मोघम नाही, लेखाशीर्षावर टाकायचा. हे लेखाशीर्ष पंधरा अंकांचं असतं आणि त्याची रचना एकदा समजून घ्या कारण राज्याच्या बजेटमध्येही प्रधान शीर्षं तीच चालतात. पहिले चार अंक प्रधान शीर्ष, मग दोन उपप्रधान, तीन गौण शीर्ष, आणि पुढे दोन-दोन अंकांच्या तीन पायऱ्या, त्यातली शेवटची म्हणजे पैसा नेमका कशावर गेला, पगार, प्रवासखर्च, मोठी बांधकामं वगैरे. सामान्य शिक्षण २२०२, सार्वजनिक आरोग्य २२१०, व्याज २०४९. रस्ते आणि पूल यांचं महसुली शीर्ष ३०५४ आणि भांडवली शीर्ष ५०५४, म्हणजे खड्डे बुजवले तर ३०५४ आणि नवा पूल बांधला तर ५०५४. सरकार कशावर खर्च करतंय यापेक्षा रोजच्या चालू खर्चावर करतंय की टिकणारं काही उभं करतंय, हा फरक इथे पहिल्या अंकांतच दिसतो. मला तरी बजेटमधली ही सगळ्यात सुंदर व्यवस्था वाटते.

दुसरी पायरी: ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या बैठका, खरं बजेट इथे होतं

साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत अर्थ मंत्रालयातल्याच खर्च विभागाचे सचिव एकेका मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना बोलावून बसतात. टेबलावर दोन गोष्टी असतात. एक, चालू वर्षासाठी मिळालेले पैसे खरंच खर्च होणार आहेत का, म्हणजे सुधारित अंदाज. दोन, पुढच्या वर्षी किती पाहिजेत, म्हणजे अर्थसंकल्पीय अंदाज. मंत्रालय जास्त मागणार आणि खर्च विभाग कापणार हे ठरलेलंच, पण कापायला त्यांच्या हातात चांगलं हत्यार असतं: सहा महिने झाले तरी तुमचा खर्च एवढाच, राज्यांच्या खात्यांत आधीचे पैसे पडून, मागच्या कामांची उपयोगिता प्रमाणपत्रं, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्चल्याची लेखी खात्री, आलेली नाहीत, मग आणखी कशाला? यावर मंत्रालयाकडे फार उत्तर नसतं.

या बैठकांतून प्रत्येक मंत्रालयाची कमाल मर्यादा ठरते, सगळे सीलिंगच म्हणतात. पण ती अंतिम होते ती जमेची बाजू समोर आल्यावरच. मंत्र्याने वर शब्द टाकला, एखादी योजना पंतप्रधान कार्यालयाला हवी असली, तर जानेवारीतही आकडा हलतो, तेवढं राजकारण असणारच.

तिसरी पायरी: पैसे येणार किती

हे काम महसूल विभागाचं. प्रत्यक्ष करांचं धोरण बघणारा गट वेगळा, अप्रत्यक्ष करांचा वेगळा. त्यांना पहिला प्रश्न असतो की पुढच्या वर्षी देशाचा जीडीपी चालू किमतीत, म्हणजे महागाई धरून, किती वाढेल, कारण कर त्या वाढीवर मिळतो. २०२५-२६ साठी १०.१ टक्के वाढ धरली होती. बजेट फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणल्यापासून सांख्यिकी कार्यालय चालू वर्षाच्या जीडीपीचा पहिला आगाऊ अंदाज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच देतं, हातात पूर्ण वर्ष नसतानाच, त्यामुळे पाया थोडा हलका असतो हे लक्षात असू द्या.

जीएसटीचे दर मात्र बजेटमध्ये ठरत नाहीत, ते केंद्र आणि राज्यं मिळून जीएसटी परिषदेत ठरवतात. जुलै २०१७ नंतर 'काय स्वस्त काय महाग'चा तक्ता जो पेपरात येतो त्यात खरं तर मुख्यतः कस्टम ड्यूटी, म्हणजे आयात शुल्क, उरलीय, पण सवय म्हणून छापतात आणि सवय म्हणून आपण वाचतो.

या दरम्यान अर्थमंत्री शेतकरी संघटना, उद्योगवाले, कामगार संघटना, अर्थतज्ज्ञ, राज्यांचे अर्थमंत्री यांना भेटतात. फोटो निघतात, निवेदनं दिली जातात. अगदीच उपयोग नाही असं नाही, एखादी कस्टम ड्यूटीची विसंगती अशा निवेदनामुळे सुटते, पण मोठे आकडे इथे ठरत नाहीत.

चौथी पायरी: तूट

एकूण खर्चातून, कर्ज सोडून बाकीची सगळी जमा वजा करायची, एवढीच राजकोषीय तुटीची व्याख्या. २०२५-२६ मध्ये खर्च धरला ५०.६५ लाख कोटी, कर्ज सोडून जमा ३४.९६ लाख कोटी, फरक १५.६९ लाख कोटी, म्हणजे जीडीपीच्या ४.४ टक्के. टीव्हीवर सांगतात तो ४.४ हाच. आणि बरेचदा गणित उलटं चालतं बरं का, आधी ठरतं की तूट अमुक टक्क्यांवर आणायची, आणि मग त्या चौकटीत खर्च कोंबतात. २००३ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्यामुळे ही चौकट कागदावर मांडावी लागते आणि ती पाळली नाही तर का नाही तेही सांगावं लागतं.

तुटीचे पैसे मुख्यतः बाजारातून रोखे विकून उभे राहतात, ते काम सरकारसाठी रिझर्व्ह बँक करते. बँका, विमा कंपन्या, प्रॉव्हिडंट फंड हे ते रोखे घेतात, म्हणजे तुमची एलआयसीची पॉलिसी किंवा पीएफ असेल तर तुम्हीही सरकारला उसने देणाऱ्यांत आहात.

आता एक बारकावा. बजेटसोबत 'रुपया येतो कुठून, जातो कुठे' असं चित्र येतं, पेपरात गोल करून छापतात. २०२५-२६ मध्ये त्यात कर्ज २४ पैसे, आयकर २२, जीएसटी १८, कॉर्पोरेट कर १७ असं होतं, आणि जाणाऱ्या बाजूला राज्यांचा करातला वाटा २२, व्याज २०. वाटतं की व्याजावर खर्चाचा पाचवा हिस्सा जातो. पण हा रुपया ५०.६५ लाख कोटींचा नाहीच, त्यात राज्यांना द्यायचा १४.२२ लाख कोटींचा वाटाही मिसळलेला आहे, जो केंद्राच्या खर्चात धरत नाहीत. केंद्राच्या स्वतःच्या खर्चाशी तुलना केली तर १२.७६ लाख कोटींचं व्याज म्हणजे चार रुपयांतला एक रुपया, आणि कर्ज सोडून जी जमा आहे तिच्याशी केली तर शंभरातले छत्तीस-सदतीस. चित्र खोटं नाहीये, पण सौम्य दिसतं खरं.

राज्यांच्या वाट्याचं आपल्यापुरतं सांगायचं तर पंधराव्या वित्त आयोगाने (केंद्र-राज्यांतली करांची वाटणी सुचवणारा आयोग) वाटण्याजोग्या करांपैकी ४१ टक्के राज्यांना द्यायचे ठरवले, त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के आणि गोव्याचा ०.३८६ टक्के. म्हणजे २०२५-२६ मध्ये महाराष्ट्राला जवळपास नव्वद हजार कोटी. उपकर (सेस) आणि अधिभार (सरचार्ज) यांत राज्यांना वाटा नसतो, म्हणून केंद्राने कर वाढवायच्या ऐवजी सेस लावला की राज्यांचे अर्थमंत्री चिडतात, आणि त्यात पक्ष कुठलाही असो. आपलं राज्याचं बजेट साधारण मार्चमध्ये येतं, तोवर केंद्राकडून काय येणार हा आकडा हातात आलेला असतो.

पाचवी पायरी: हलवा, छपाई आणि गुप्तता

जानेवारीच्या शेवटी मोठ्या कढईत हलवा करतात, अर्थमंत्री वाढतात आणि नंतर बजेटच्या कामातले अधिकारी-कर्मचारी आत कोंडले जातात, भाषण होईपर्यंत घरी जायचं नाही. याला कारण आहे. पूर्वी छपाई राष्ट्रपती भवनात व्हायची, १९५० मध्ये कागद फुटले, मग ती मिंटो रोडच्या प्रेसमध्ये नेली आणि १९८० पासून नॉर्थ ब्लॉकच्या तळघरात. २०२१ पासून कागद छापणं जवळपास बंदच, टॅब्लेटवरून वाचतात, पण कोंडून घ्यायचं चालू राहिलं आणि करोनातला २०२२ चा अपवाद सोडला तर हलवाही.

बजेटच्या साधारण आदल्या दिवशी, २०२५ मध्ये ३१ जानेवारीला, मुख्य आर्थिक सल्लागारांनी तयार केलेली आर्थिक पाहणी येते. स्पर्धा परीक्षावाले सोडून फारसं कुणी उघडत नाही. पण शेती, रोजगार, महागाई यावरची प्रकरणं वाचण्यासारखी असतात आणि काही वेळा त्यात सरकारच्याच धोरणाला हळूच चिमटाही असतो.

सहावी पायरी: १ फेब्रुवारी

सकाळी अर्थमंत्री राष्ट्रपतींना भेटतात, मग मंत्रिमंडळाची मंजुरी, आणि अकराला लोकसभेत भाषण. भाषण संपलं की कागद राज्यसभेत ठेवतात. वेळ पूर्वी संध्याकाळी पाच होती, १९९९ मध्ये यशवंत सिन्हांनी ती सकाळी अकरा केली. तारीख फेब्रुवारीचा शेवटचा कामाचा दिवस होती, ती २०१७ पासून १ फेब्रुवारी झाली, त्याच वर्षी १९२४ पासून वेगळं चाललेलं रेल्वे बजेटही मुख्य बजेटमध्ये आलं. तारीख बदलण्यामागचं कारण मला पटतं: आधी बजेट मे महिन्यात मंजूर व्हायचं, मग पैसे सुटायचे, तोवर पाऊस, म्हणजे रस्त्याचं काम सुरू व्हायला दिवाळी उजाडायची. आता १ एप्रिलच्या आत सगळं मंजूर होतं.

ज्या वर्षी लोकसभेची निवडणूक असते तेव्हा फेब्रुवारीत अंतरिम बजेट आणि लेखानुदान, म्हणजे नवं सरकार येईपर्यंत रोजचा खर्च चालवायची परवानगी. २०२४ मध्ये १ फेब्रुवारीला अंतरिम आणि २३ जुलैला पूर्ण बजेट आलं ते यामुळेच.

अर्थमंत्रिपदाची ही जागा मराठी माणसांनीही भूषवलीय. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, ज्यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला, मग यशवंतराव चव्हाण, शंकरराव चव्हाण आणि मधु दंडवते. यशवंतरावांचं १९७३-७४ चं बजेट ५५० कोटींच्या तुटीमुळे 'काळं बजेट' म्हणून बदनाम झालं. २०२५-२६ च्या १५.६९ लाख कोटींशी तो आकडा थेट लावून व्हॉट्सॲपवर फिरवतात ते चूक आहे, तेव्हा तूट वेगळ्या पद्धतीने मोजायचे.

भाषणाचे दोन भाग असतात, पहिल्यात योजना आणि दुसऱ्यात कर. करांचं कधीपासून लागू होतं हे बघा. कस्टम ड्यूटी बहुतेक लगेच मध्यरात्रीपासून बदलते, त्यासाठी वेगळा कायदा आहे. २३ जुलै २०२४ च्या भाषणात सोन्यावरची ड्यूटी १५ वरून ६ टक्क्यांवर आणली आणि दुसऱ्या दिवसापासून लागू, सराफांच्या दुकानांत गर्दी झाली ती उगाच नाही. आयकराचे दर मात्र साधारण १ एप्रिलपासून, २०२५ मध्ये जाहीर झालेली नव्या पद्धतीतली १२ लाखांपर्यंतची करमाफी, नोकरदारांना १२.७५ लाख, तशीच एप्रिलपासूनची. पण त्याच जुलै २०२४ मध्ये शेअरच्या नफ्यावरचा कर त्याच दिवसापासून वाढवला होता, तेव्हा गृहीत धरू नका, वित्त विधेयकासोबतचं स्पष्टीकरणपत्र उघडून तारीख बघा.

सातवी पायरी: कागद कोणत्या क्रमाने उघडायचे

अर्थ मंत्रालयाच्या बजेटच्या वेबसाइटवर सगळं फुकट, इंग्रजी आणि हिंदीत असतं. भाषणापासून सुरुवात करू नका. आधी 'बजेट एक दृष्टिक्षेप' (Budget at a Glance) नावाची छोटी फाइल, तिच्यात तूट, कर्ज, प्रमुख योजना सगळं सापडतं. मग खर्चाचं बजेट (Expenditure Budget), त्यात तुम्हाला ज्यात रस आहे ती मागणी, म्हणजे त्या खात्याने संसदेकडे मागितलेल्या पैशांचा तक्ता, शेती असेल तर शेती, रेल्वे असेल तर रेल्वे. एकूण मागण्या शंभराच्या आसपास असतात, सगळ्या वाचायच्या नसतात.

प्रत्येक तक्त्यात चार कॉलम असतात. २०२५-२६ च्या बजेटमध्ये ते असे होते: २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च, २०२४-२५ चा मूळ अंदाज, २०२४-२५ चा सुधारित अंदाज आणि २०२५-२६ चा नवा अंदाज. बातमी चौथ्या कॉलमची होते. तुम्ही तिसरा बघा.

जल जीवन मिशनची ओळ घ्या, घरोघरी नळाचं पाणी. २०२४-२५ साठी मूळ तरतूद ७०,१६३ कोटी. सुधारित अंदाज २२,६९४ कोटी, म्हणजे जाहीर केलेल्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. आणि २०२५-२६ साठी परत ६७,००० कोटी. आता यावर 'पाण्याच्या योजनेला कात्री' अशीही बातमी करता येते कारण ७० हजारांचे ६७ झाले, आणि 'तरतूद जवळपास तिप्पट' अशीही करता येते कारण २२ हजारांचे ६७ झाले, दोन्ही आकडे बरोबर. ग्रामीण आवास योजनेचंही तसंच, ५४,५०० कोटी जाहीर, सुधारित ३२,४२६, नव्या वर्षाला पुन्हा ५४,८३२. एखादी योजना गावात का अडलीय हे कळायला ही एक ओळ भाषणाच्या दोन तासांपेक्षा जास्त सांगते. आमदार-खासदाराला निवेदन देणार असाल तर त्यात हे तीन आकडे घाला, 'निधी द्यावा ही विनंती' असं नुसतं लिहिण्यापेक्षा वजन येतं.

आठवी पायरी: संसदेत पुढे काय होतं

भाषणानंतर सर्वसाधारण चर्चा, मग साधारण तीनेक आठवडे सुट्टी, त्या काळात खात्यांच्या स्थायी समित्या मागण्या तपासतात. या समित्यांचे अहवाल खरंच चांगले असतात, सर्वपक्षीय खासदार बंद खोलीत बसतात त्यामुळे तिथे ओरडण्यापेक्षा विचारणं जास्त होतं. मग लोकसभेत मागण्यांवर मतदान. व्याज, न्यायाधीशांचे पगार अशा थेट संचित निधीवर टाकलेल्या, म्हणजे भारित, खर्चावर चर्चा होते पण मतदान नाही.

विरोधक कपात सूचना देतात. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा, एखादी तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपये कमी करा, आणि काटकसर म्हणून ठराविक रक्कम कमी करा, असे तीन प्रकार. कपात सूचना मंजूर झाली तर सरकार पडल्यासारखंच, म्हणून ती होत नाही. आणि वेळ संपला की अध्यक्ष गिलोटिन लावतात, म्हणजे उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला. २०१८ आणि २०२३ मध्ये तर गोंधळात सगळ्याच मागण्या अशा गेल्या, एकाही खात्यावर चर्चा नाही. देशाचा वर्षाचा खर्च असा मिनिटांत मंजूर होतो याबद्दल कुठल्याच पक्षाला लाज वाटत नाही, सत्तेत कोण आणि विरोधात कोण एवढंच बदलतं.

त्यानंतर विनियोजन विधेयक, मग वित्त विधेयक. राज्यसभा बदल सुचवू शकते, चौदा दिवसांत परत करावं लागतं, पण लोकसभेने ते ऐकलंच पाहिजे असं नाही. वित्त विधेयकात शेवटच्या दिवशी सरकार स्वतःच दुरुस्त्या आणतं, कधी कधी त्यात कराशी फारसा संबंध नसलेल्या कायद्यांचे बदलही घुसवतात, तेव्हा फेब्रुवारीत वाचलेलं विधेयक आणि मार्चमध्ये पास झालेला कायदा वेगळा असू शकतो. सीए लोक हे जाणून असतात, बाकीचे फेब्रुवारीच्या व्हिडिओवरच थांबतात.

एप्रिलनंतर

पैसे कमी पडले तर पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या. अगदी अचानक काही आलं तर आकस्मिकता निधी, तो २०२१ मध्ये ५०० कोटींवरून ३०,००० कोटी केला. वर्षअखेरीस उधळपट्टी होऊ नये म्हणून नियम आहे की शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांपेक्षा आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, तरी मार्च एंडला सरकारी ऑफिसात काय चालतं ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको.

वर्ष संपल्यावर कॅग, म्हणजे सरकारी हिशोबाचं लेखापरीक्षण करणारी घटनात्मक संस्था, हिशोब तपासतं आणि अहवाल संसदेच्या लोकलेखा समितीकडे जातो, तिचा अध्यक्ष प्रथेप्रमाणे विरोधी पक्षाचा. पण तिथपर्यंत यायला फार वेळ लागतो. तेवढं थांबायचं नसेल तर केंद्राचे हिशोब ठेवणाऱ्या महालेखा नियंत्रकांचं मासिक विवरण बघा, प्रत्येक महिन्याचे आकडे पुढच्या महिन्याच्या शेवटी येतात. कर किती आला, भांडवली खर्च किती झाला, तूट वर्षाच्या अंदाजाच्या किती टक्क्यांवर पोचली, सगळं त्यात आहे. सप्टेंबरपर्यंतचे आकडे ऑक्टोबरच्या शेवटी येतात, म्हणजे नेमके खर्च सचिवांच्या बैठका चालू असताना, आणि कोणाच्या खात्याला कात्री लागणार याचा अंदाज तेव्हाच बांधता येतो.